उंदराच्या पिल्लाची किडनी जन्माआधी कशी घडते? आणि तेल्हाऱ्यात बसून ते का वाचायचं?

अकोला जिल्ह्यातला तेल्हारा तालुका. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेकडे पूर्णा नदी. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीला गोडं पाणी लागतं, बागायतही होते. तिथून पूर्णेकडे सरकत गेलं की पाणी मचूळ होतं, मग खारट. हाच तो खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतली जवळपास नऊशे गावं यात येतात. जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिऊन तहान भागत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते.

या पट्ट्यातून किडनीच्या आजाराच्या बातम्या अनेक वर्षं येत आहेत. तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ही नावं त्या बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसतात. गावात कुणाचं डायलिसिस सुरू झालं की पहिलं बोट पाण्याकडे जातं. ते चुकीचं आहे असं नाही. पण किडनीची गोष्ट पहिला घोट पाणी पिण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. आईच्या पोटात.

ही सुरुवात कशी होते, हे विज्ञानाला बहुतांशी एका प्राण्यामुळे कळलं. आपल्या कणगीतलं धान्य फस्त करणारा, दिवाळीच्या सफाईत कपाटामागून पळणारा उंदीर. म्हणजे त्याचा प्रयोगशाळेतला पांढरा किंवा काळा भाऊबंद.

उंदीरच का?

माणसाचं बाळ नऊ महिने पोटात असतं. उंदरीण १९-२० दिवसांत विते. माणसाच्या पोटातल्या गर्भावर प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. उंदरात मात्र एकेक जनुक बंद करून काय बिघडतं ते पाहता येतं. माणसाच्या बहुतेक जनुकांचा जोडीदार उंदरात सापडतो, आणि किडनी बांधणारी मुख्य जनुकं तर दोघांत जवळपास सारखीच काम करतात.

प्रयोगशाळेत दिवस मोजायची पद्धतही साधी आहे. नर-मादी रात्री एकत्र ठेवतात. सकाळी मादीत समागमाची खूण दिसली की त्या दुपारी गर्भ अर्ध्या दिवसाचा धरतात. म्हणून या विषयातल्या लेखनात ‘साडेदहावा दिवस’, ‘साडेअकरावा दिवस’ असेच दिवस येतात. इतकं काटेकोर का? कारण उंदराच्या गर्भात एका रात्रीत जे घडतं, त्याला माणसाच्या गर्भात अनेक दिवस लागतात.

एक नाही, तीन किडन्या

हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो. आपल्याला जी किडनी मिळते ती शरीराने केलेला तिसरा प्रयत्न असतो. आधीच्या दोन बांधून मोडलेल्या असतात.

उंदराच्या गर्भात आठव्या दिवसाच्या सुमारास, मानेच्या बाजूला, पहिली किडनी उमटते. तिला पूर्ववृक्क म्हणतात. नाव मोठं, काम शून्य. थोड्याच वेळात ती विरून जाते. बेडकाच्या भैरीत मात्र हीच पहिली किडनी खरोखर काम करते, पाणी बाहेर टाकते.

नवव्या दिवसानंतर तिच्या मागे, पाठीच्या मधल्या भागात, दुसरी उभी राहते. ती मध्यवृक्क. डुकराच्या आणि माणसाच्या गर्भात ही काही काळ थोडंफार मूत्रही बनवते. उंदरात तीही नावापुरतीच. पण ती पूर्ण वाया जात नाही. तिच्या बाजूने एक लांब नळी मानेकडून शेपटीकडे वाढत गेलेली असते, वुल्फची नळी. नर पिल्लात पुढे याच नळीपासून वीर्य वाहून नेणारी नलिका होते. जुन्या वाड्याची तुळई नव्या घराला लावावी, तसा हा प्रकार. मूत्रसंस्था आणि जननसंस्था यांचं इतकं जवळचं नातं का, याचं उत्तर इथे आहे. म्हणूनच बाळाला जन्मतः एक किडनी नसेल तर डॉक्टर त्याच बाजूचे जननावयवही तपासायला सांगतात.

खरी, कायमची किडनी त्यानंतर येते. तिला पश्चवृक्क म्हणतात, पण आपण सरळ किडनीच म्हणू.

साडेदहावा दिवस : एक कोंब फुटतो

उंदराच्या गर्भात साडेदहाव्या दिवशी त्या वुल्फच्या नळीला, अगदी शेपटीकडच्या टोकाजवळ, एक कोंब फुटतो. प्रत्येक बाजूला एकच. त्याच्या शेजारी पेशींचा एक गोळा आधीच तयार बसलेला असतो. कोंब त्या गोळ्यात शिरतो. साडेअकराव्या दिवशी कोंबाचं टोक दुभंगून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखं दिसतं. मग त्या दोन टोकांना फांद्या, फांद्यांना फांद्या. किडनी ही झाडासारखी वाढते, असं म्हटलं तर ते फक्त उपमेपुरतं नाही, सूक्ष्मदर्शकाखाली ती तशीच दिसते.

कोंबाची खोडासारखी उरलेली दांडी म्हणजे पुढची मूत्रवाहिनी, किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी. फांद्या म्हणजे किडनीतल्या मूत्र गोळा करणाऱ्या बारीक नळ्या. आणि शेजारच्या गोळ्यातल्या पेशींपासून बनतात नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म एकक. म्हणजे एका किडनीत दोन वेगळ्या घरांतल्या पेशी असतात आणि त्यांचा जोड मध्येच, बेमालूम, लागलेला असतो.

हे दोघं एकमेकांशिवाय काहीच करू शकत नाहीत, हे १९५०च्या दशकात क्लिफर्ड ग्रॉबस्टीन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने दाखवलं. त्याने उंदराच्या गर्भातली इवलीशी किडनी काढली, कोंब आणि पेशींचा गोळा वेगळे केले आणि काचेच्या बशीत वाढवून पाहिले. वेगळे ठेवले तर दोन्ही खुंटले. जवळ आणले की कोंबाला फांद्या फुटल्या आणि गोळ्यात नळ्या तयार झाल्या. मधे बारीक छिद्रांचा पडदा ठेवला तरी काम होत होतं. म्हणजे दोघांमध्ये काहीतरी संदेश जात होता. पण संदेश कोणता, हे कळायला आणखी चाळीस वर्षं लागली, आणि ते कळलंही भलत्याच वाटेने.

१९९३ मध्ये मेंदूवर काम करणाऱ्या संशोधकांना एक प्रथिन सापडलं. कंपवातात मेंदूतल्या ज्या पेशी मरतात, त्यांना ते जगवत होतं. त्याचं नाव जीडीएनएफ. साहजिकच सगळ्यांना उत्सुकता होती, की हे प्रथिन नसलेला उंदीर बनवला तर त्याच्या मेंदूचं काय होईल? १९९६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी तसे उंदीर बनवले. पिल्लं जन्मली, त्यांचा मेंदू जवळपास ठीक होता, आणि ती पहिल्याच दिवसात मेली. उघडून पाहिलं तर बहुतेकांत किडन्याच नव्हत्या. आतड्यातल्या चेतापेशीही नव्हत्या.

ग्रॉबस्टीनच्या बशीतला हरवलेला संदेश मिळाला होता. पेशींचा गोळा जीडीएनएफ सोडतो. वुल्फच्या नळीवर ते ओळखणारा ग्राहक असतो, त्याचं नाव रेट. संदेश पोचला की नळीला कोंब फुटतो. दोन वर्षं आधी, १९९४ मध्ये, रेट नसलेले उंदीर बनवले होते, तेही किडनीविना जन्मले होते. कुलूप आधी सापडलं होतं, किल्ली नंतर. मेंदूचं औषध शोधायला निघालेल्या लोकांना किडनीचं मूळ सापडलं, हा भाग मला या साऱ्या कथेत सगळ्यात जास्त आवडतो.

संदेश कमी पडला तर किडनी नाही, आणि भलत्या जागीही गेला तर? जीडीएनएफमध्ये भिजवलेला छोटा मणी नळीच्या दुसऱ्या जागी ठेवला, तर तिथेही कोंब फुटतो. म्हणून शरीर इतर ठिकाणी हा संदेश दाबून ठेवतं. दाबणारी जनुकं बिघडली की एका बाजूला दोन-दोन कोंब येतात आणि दोन मूत्रवाहिन्या तयार होतात. माणसांत दुहेरी मूत्रवाहिनी तशी दुर्मीळ नाही, साधारण शंभरात एकाला असते. अनेकांना ती आयुष्यभर कळतही नाही, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत दिसते.

बियाणं किती ठेवायचं, किती पेरायचं

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

कोंबाच्या प्रत्येक फांदीच्या टोकावर पेशींची एक टोपी बसलेली असते. याच टोपीतल्या पेशींपासून नेफ्रॉन बनतात. काही पेशी टोपी सोडून फांदीच्या खाली गोळा होतात, त्यांचा छोटा फुगा बनतो, फुग्याचा आकार स्वल्पविरामासारखा होतो, मग इंग्रजी ‘एस’सारखा. त्याच्या एका टोकात रक्तवाहिन्या शिरून गुच्छ करतात, ती गाळणी. दुसरं टोक फांदीला जोडलं जातं, तो निचरा. झाला एक नेफ्रॉन. उंदरात पहिल्या गाळण्या चौदाव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात.

टोपीतल्या पेशींपुढे मात्र कायम एक प्रश्न असतो. आत्ता नेफ्रॉन व्हायचं, की टोपीतच राहून आपली संख्या वाढवायची? कापूस-तूर पेरणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. घरचं सगळं बियाणं एकदम पेरलं तर पुढच्या वेळी हातात काही उरत नाही. सगळं राखून ठेवलं तर या वर्षी पीकच नाही. टोपीत हा तोल सिक्स-टू नावाचं जनुक सांभाळतं. ते पेशीला सांगतं, थांब, अजून बियाणंच राहा. उंदरात सिक्स-टू काढून टाकलं, तेव्हा सगळ्या पेशी घाईने नेफ्रॉन होऊन बसल्या, टोप्या रिकाम्या झाल्या आणि इवलीशी, थोड्याच नेफ्रॉनची किडनी तयार झाली.

निरोगी उंदरातही हे बियाणं एक दिवस संपतंच. जन्मानंतर तीन-चार दिवसांत टोप्या रिकाम्या होतात. त्यानंतर उंदीर कितीही जगला तरी नवा नेफ्रॉन बनत नाही. माणसात हे काम पाचव्या आठवड्यात सुरू होतं आणि साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत, म्हणजे जन्माच्या आधीच, संपतं. त्यातही निम्म्याहून जास्त नेफ्रॉन शेवटच्या तीन महिन्यांत बनतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं काम अर्ध्यावर असतं. बाहेर आल्यावर ते थोडे दिवस चालू राहतं, पण पोटात झालं असतं तसं होत नाही.

यकृत पुन्हा वाढतं, कातडी भरून येते, हाड जुळतं. किडनीत गेलेला नेफ्रॉन परत येत नाही. उरलेले थोडे मोठे होऊन त्याचं काम वाटून घेतात, एवढंच.

उंदराच्या एका किडनीत साधारण १२ ते १६ हजार नेफ्रॉन असतात. माणसाच्या एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख. पण ही सरासरी फार फसवी आहे. मृत्यूनंतर किडन्या तपासून मोजणी केली, तेव्हा कुणात दोन-अडीच लाख निघाले तर कुणात पंचवीस लाखांच्या वर. धडधाकट दिसणाऱ्या दोन माणसांत दसपट फरक. आणि बाहेरून काहीच कळत नाही.

कमी नेफ्रॉन असले तर काय होतं?

१९८८ मध्ये बॅरी ब्रेनर या किडनीतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक कल्पना मांडली. कमी नेफ्रॉन घेऊन जन्मलेल्या माणसात प्रत्येक नेफ्रॉनवर जास्त भार पडतो, त्यामुळे पुढे रक्तदाब वाढतो, वाढलेल्या दाबाने आणखी नेफ्रॉन मरतात, उरलेल्यांवर भार आणखी वाढतो. चार बैलांचं काम दोघांनी ओढायचं. काही वर्षं निभावतं.

२००३ मध्ये जर्मनीत याची एक तपासणी झाली. अपघातात गेलेल्या दहा उच्च रक्तदाबाच्या व्यक्ती आणि तेवढ्याच बिनरक्तदाबाच्या व्यक्ती यांच्या किडन्या मोजल्या. रक्तदाब असलेल्यांत एका किडनीत सुमारे सात लाख नेफ्रॉन, नसलेल्यांत सुमारे चौदा लाख. माणसं फक्त वीस, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण उंदरांनी त्याला दुजोरा दिला. ज्यांच्यात जीडीएनएफची दोनऐवजी एकच प्रत चालू आहे असे उंदीर जगतात, दिसायला ठणठणीत असतात. त्यांच्यात नेफ्रॉन सुमारे ३० टक्के कमी निघाले, आणि म्हातारपणी त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला.

हे जनुकांचं झालं. पण जनुकं ठीक असतानाही बियाणं कमी पडू शकतं, ते आईच्या खाण्यापिण्यामुळे. गाभण मादीला कमी प्रथिनांचा आहार दिला की पिल्लांत नेफ्रॉन कमी होतात. हे उंदराचा मोठा नातलग असलेल्या रॅटवर अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं तरी तेच. कारणही सापडलं आहे. रेट हा ग्राहक नळीवर पुरेसा तयार व्हायला अ जीवनसत्त्वापासून मिळणारा संदेश लागतो. आईच्या ताटातली पालेभाजी आणि कोंबाची फांदी यांच्यात इतका थेट धागा आहे.

खारपाणपट्ट्यासाठी आणखी एक प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाभण रॅट माद्यांना नेहमीपेक्षा जास्त आणि नेहमीपेक्षा कमी मिठाचा आहार दिला. दोन्ही गटांच्या पिल्लांत नेफ्रॉन कमी भरले. म्हणजे मीठ जास्त झालं तरी बिघाड आणि तोडलं तरी बिघाड. ‘गरोदरपणात मीठ बंद कर’ असा सल्ला देणाऱ्या शेजारणींनी याचा दुसरा अर्धा भागही वाचावा.

म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या आजाराचं कारण हेच?

नाही. असं कुणी सांगत असेल तर तो पुराव्याच्या पुढे धावतोय.

रॅटला दिलेलं मीठ आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार ही एकच गोष्ट नाही. खाऱ्या पाण्यात सोडियमबरोबर इतरही बरंच काही असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. टीडीएस नावाने घराघरांत ओळखला जाणारा हा आकडा किती क्षार ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. शिवाय भर उन्हात दिवसभर शेतात राबणं, पाणी कमी पिणं, फवारणीची औषधं, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, न तपासलेली शुगर आणि बीपी, या सगळ्यांवर संशय आहे. आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि श्रीलंकेत शेतकऱ्यांना होणाऱ्या अशाच किडनीविकाराचं एकच एक कारण अजून सिद्ध झालेलं नाही.

पण खारं पाणी आणि गरोदरपण यांचा संबंध माणसांत तपासला गेला आहे. बांगलादेशच्या किनाऱ्यावर, खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात, समुद्राचं खारं पाणी भूजलात शिरतं. तिथल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात पिण्याच्या पाण्यात क्षार जितके जास्त, तितका गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोका जास्त दिसला. गरोदरपणी बीपी वाढलं की वारेकडून बाळाला रक्त कमी मिळतं, बाळाचं वजन कमी भरतं, कधी दिवस भरण्याआधी प्रसूती करावी लागते. आणि कमी वजन व अपुरे दिवस या दोन्हींचा नेफ्रॉनच्या संख्येशी संबंध आहे. साखळीची प्रत्येक कडी वेगळी सिद्ध झाली आहे. विदर्भात ती अख्खी साखळी कुणी एकत्र मोजलेली माझ्या वाचनात नाही. मोजायला हवी, असं माझं मत आहे. त्यासाठी महागडी यंत्रंही लागणार नाहीत. गरोदर बाईच्या घरच्या पाण्याचा नमुना, तिचं बीपी, बाळाचं जन्माचं वजन आणि पुढे त्या मुलाचं बीपी.

असा दीर्घ अभ्यास महाराष्ट्रात होऊ शकतो, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची नोंद गरोदर होण्याआधीच ठेवली, मग बाळं जन्मली, ती मोठी झाली, तरी नोंद चालू. पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन निघालं २ किलो ६६५ ग्रॅम. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचं जवळपास साडेतीन किलो. ज्या आया हिरव्या पालेभाज्या आणि दूध वारंवार घेत, त्यांची बाळं वजनाने बरी होती. हा अभ्यास मुख्यतः मधुमेहासाठी होता, किडनीसाठी नाही. पण मधुमेह हे किडनी निकामी होण्याचं जगातलं सगळ्यात मोठं कारण आहे, तेव्हा विषय फार लांबचा नाही.

मूत्राशय, मूत्रवाहिनी आणि ‘पाणी कमी आहे’

किडनीवर एवढं बोललो, तर बाकी नळजोडणीकडेही पाहू.

गर्भाच्या शेपटीकडे सुरुवातीला एकच सामाईक पोकळी असते. मूत्र, विष्ठा, जनन, सगळ्यांना एकच दार, पक्ष्यांमध्ये जन्मभर असतं तसं. उंदरात दहाव्या ते साडेतेराव्या दिवसांमध्ये त्यात एक पडदा उतरतो. मागचा भाग गुदाशयाचा, पुढचा मूत्राशयाचा आणि मूत्रमार्गाचा. त्याच सुमारास मूत्रवाहिनी वुल्फच्या नळीपासून सुटी होते आणि मूत्राशयाला जोडली जाते. ही जोडणी मजेशीर आहे. दोन्ही नळ्यांना जोडणारा मधला तुकडा स्वतःहून मरून जातो, आणि मूत्रवाहिनीचं तोंड थेट मूत्राशयात उघडतं. तोंड थोडं वरखाली लागलं, तर मूत्र किडनीकडे उलटं जाऊ शकतं. लहान मुलांना वारंवार लघवीचा संसर्ग होऊन ताप येतो, तेव्हा डॉक्टर हीच उलटी वाट शोधत असतात.

मूत्रवाहिनी म्हणजे साधा पाइप नाही. तिच्या भोवती स्नायूंचा थर चढतो आणि ती लाटेसारखी आकुंचन पावत मूत्र खाली ढकलते. उंदरात मूत्र साडेसोळाव्या दिवसाच्या आसपास तयार होऊ लागतं, आणि स्नायू त्याच्या थोडे आधी तयार असतात. वेळापत्रक चुकलं, स्नायू उशिरा आले, तर मूत्र तुंबतं आणि किडनी फुगते. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असा शब्द दिसला तर तो हाच. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत तो दिसतो. बहुतेक बाळांत ही सूज सौम्य असते आणि आपोआप उतरते, त्यामुळे तो शब्द वाचून रात्रभर गूगल करत बसू नका. पुढची तपासणी मात्र चुकवू नका.

पोटातल्या बाळाला किडनी लागतेच कशाला? त्याचं रक्त साफ करायला आईची वार आहेच. म्हणून किडनी नसलेलं उंदराचं पिल्लू जन्मापर्यंत जगतं आणि नाळ तुटल्यावर दिवसभरात मरतं. पण माणसाच्या बाळात किडनीला पोटातही एक मोठं काम असतं. गरोदरपणाच्या दुसऱ्या निम्म्यात बाळाभोवतीचं पाणी हे मुख्यतः बाळाचं मूत्रच असतं. बाळ ते गिळतं, पुन्हा बाहेर टाकतं. या पाण्याशिवाय फुप्फुसं नीट वाढत नाहीत. त्यामुळे डॉक्टर ‘पाणी कमी आहे’ म्हणतात, तेव्हा आईने किती पाणी प्यायलं एवढाच तो प्रश्न नसतो. वारेतून रक्त नीट जातंय का आणि बाळाच्या किडन्या व मूत्रमार्ग ठीक आहेत का, हेही ते पाहत असतात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या वेदनाशामक गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीचं काम मंदावतात आणि पाणी कमी करतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये वीस आठवड्यांनंतर त्या टाळण्याचा इशारा दिला. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी बीपीची औषधं तर बाळाच्या किडनीला थेट इजा करतात. बीपीची गोळी चालू असताना दिवस गेले, तर ती स्वतःहून बंद न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. बीपी उघडं सोडणंही तितकंच धोक्याचं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

उंदराच्या किडनीत एकच शंकू असतो, माणसाच्या किडनीत आठ-दहा किंवा जास्त. उंदराचं काम दोन आठवड्यांत उरकतं, माणसाला तीस आठवडे लागतात. उंदराचे बरेच नेफ्रॉन जन्मानंतर बनतात, आपले नाही. म्हणून ‘उंदरावर सिद्ध झालं’ या बातमीच्या पुढे ‘म्हणून माणसातही’ असं लिहिलेलं दिसलं तर थोडं थांबायचं. त्याच वेळी, लहान मुलांत जन्मजात किडनीदोषाची जी जनुकं आज तपासली जातात, त्यातल्या पॅक्स-टू, रेट यांसारख्या अनेकांचं काम आधी उंदरात कळलं. बशीत मूळपेशींपासून किडनीचा छोटा तुकडा वाढवायला जपान आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक गेल्या दशकात शिकले, तेही उंदराच्या गर्भाचं वेळापत्रक पाठ करूनच. ते तुकडे अजून कुणाचं डायलिसिस बंद करू शकत नाहीत.

तेल्हाऱ्यात आज काय करता येतं?

पाण्याचा प्रश्न पाण्यानेच सुटणार. तेल्हारा तालुक्यात वान नदीवर हनुमान सागर धरण आहे. त्याचं गोडं पाणी अकोट-तेल्हाऱ्याच्या ८४ खेडी योजनेतून आणि संग्रामपूर-जळगाव जामोदच्या १४० गावांच्या योजनेतून खारपाणपट्ट्याकडे जातं. नळाला गोडं पाणी कमी दिवस येत असेल, तर घरात ते आधी गरोदर बाईच्या आणि लहान मुलांच्या पिण्यासाठी ठेवावं, बोअरचं पाणी धुण्याभांड्यांना. बहुतेक घरांत हे होतंही, फक्त गरोदर सुनेचं नाव यादीत शेवटी असतं.

दुसरं, जन्माचं वजन. जिवंत माणसाच्या किडनीतले नेफ्रॉन मोजायची सोपी चाचणी दवाखान्यात उपलब्ध नाही. पण अमेरिकेत मृत्यूनंतर केलेल्या मोजणीत जन्माचं वजन एक किलोने जास्त असेल तर किडनीमागे सुमारे अडीच लाख नेफ्रॉन जास्त दिसले. हा आकडा जसाच्या तसा वऱ्हाडातल्या बाळाला लावता येणार नाही, दिशा मात्र कळते. आशाताई देतात त्या माता-बाल संरक्षण कार्डावर हे वजन लिहिलेलं असतं. ते कार्ड लसीकरण संपलं की बहुतेक घरांत हरवतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं मूल असेल, तर ते तीन वर्षांचं झाल्यापासून वर्षातून एकदा त्याचं बीपी मोजून घ्या, आणि ताप-अंगदुखीला परस्पर गोळ्या देताना दहादा विचार करा. पुढे कधी किडनीच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, तर बाकीच्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये तो फोटोही दाखवा.